गेलाय तो बोर्ड, पीसी नव्हे

घरी जुळवलेल्या गेमिंग पीसीचा मदरबोर्ड गेला, की कात्रजमध्ये सल्ल्याला तोटा नसतो. भारती विद्यापीठ आणि पीआयसीटी इथून जवळ, पलीकडे आंबेगावात आणखी महाविद्यालयं. त्यामुळे संतोषनगर असो की सुखसागरनगर, भाड्याच्या खोल्यांमधून काचेच्या कॅबिनेटचे पीसी रात्रभर लुकलुकत असतात आणि प्रत्येक जिन्यात एक तरी संगणकतज्ज्ञ राहतो. या तज्ज्ञांचं, दुकानदारांचं आणि यूट्यूबवर खोकी उघडून दाखवणाऱ्या मंडळींचं एरवी कशावर जमत नाही. इंटेल की एएमडी यावरून ते मैत्री तोडतील. पण एका वाक्यावर सगळ्यांचं एकमत आहे: "बोर्ड गेला ना? मग आता त्यात पैसे घालू नकोस. सगळंच नवीन घे."

या मताची मांडणी मोठी गोळीबंद असते. तुझा सॉकेट आता मेला, असं आधी सांगायचं. त्याचे बोर्ड मिळत नाहीत आणि मिळाले तरी भरवशाचे नसतात. म्हणून नवा बोर्ड, आणि नव्या बोर्डाला जुना प्रोसेसर बसत नाही म्हणून नवा प्रोसेसर. जुनी रॅमही बसत नाही, म्हणून नवी रॅम. आता एवढं करतोच आहेस तर बोर्ड जरा भारीतला घे, गेमिंगवाला, म्हणजे पुढची सात-आठ वर्षं बघायला नको. प्रत्येक पायरी ऐकताना शहाणपणाची वाटते आणि खाली उतरेपर्यंत पाच-सहा हजारांचं दुखणं पन्नास हजारांवर गेलेलं असतं. वडिलांना फोन लावून "अभ्यासासाठी लागतोय" हे वाक्य मग पोरांना म्हणावं लागतं, ते वेगळंच.

माझा पहिला आक्षेप या साखळीच्याही आधीचा आहे. बोर्ड गेला हे ठरवलं कोणी? कॅबिनेट उघडलं, बटण दाबलं, पंखे फिरले, पडद्यावर काही आलं नाही, आणि पाच मिनिटांत निकाल: "बोर्ड डेड." रॅम काढून एकेक पट्टी लावून पाहिली का? पट्टीच्या सोनेरी कडा खोडरबरानं घासल्या का? बोर्डावरचा नाण्याएवढा सेल, सीआर-२०३२, काढून बायोस मूळपदावर आणला का? दुसरा एसएमपीएस जोडून पाहिला का? गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच बोर्डांवर चार बारीक दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. गाडी कुठे अडली ते तो दिवा सांगतो. तो कुठला पेटला हे विचारलं तर तज्ज्ञमहाशय त्या दिव्यांकडे पहिल्यांदाच बघतात.

कात्रजमध्ये तर ही चौकशी अधिकच गरजेची. कात्रज-कोंढवा रस्त्याचं रुंदीकरण किती वर्षं चाललंय ते विचारू नका. त्याची धूळ मात्र आमच्याकडे नेमानं येते आणि कॅबिनेटच्या पुढच्या पंख्यांतून आत जाऊन बसते. वर पावसाळ्यात घाटाकडून येणारा दमटपणा. जूनमध्ये अचानक 'डेड' झालेले बोर्ड रॅम काढून, पुसून, परत बसवल्यावर जिवंत होतात, यात चमत्कार काही नाही. आणि बोर्ड खरोखरच बिघडला असेल, तरी तो दुरुस्तच होत नाही हे कुणी सांगितलं? लॅपटॉपचा बोर्ड चिप लेव्हलवाल्याकडे जातो आणि चालू होऊन परत येतो, हे सगळ्यांना माहीत आहे, कारण तिथे दुसरा स्वस्त इलाज नसतो. डेस्कटॉपचा बोर्ड त्याहून मोठा, मोकळा, हात घालायला सोपा. त्यावरची आठ पायांची बायोसची चिप प्रोग्रॅमरवर पुन्हा लिहिता येते, जळलेला मॉसफेट बदलता येतो. मग दुरुस्तीचा विषय निघाला की लॅपटॉप तेवढा भाग्यवान आणि डेस्कटॉपच्या नशिबी थेट भंगार, हा न्याय कुठला?

बरं, समजू की बोर्ड गेलाच. सगळ्या तपासण्या झाल्या, चिप लेव्हलवाल्यानंही मान हलवली. आता 'सॉकेट मेला' या मुख्य मुद्द्याकडे येऊ.

शेजारच्या सोसायटीतल्या एका विद्यार्थ्याचं उदाहरण घेतो, कारण असे पीसी आमच्याकडे ढिगानं आहेत: रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी-४५० बोर्ड, आठ-आठच्या दोन पट्ट्या मिळून १६ जीबी डीडीआर-४ रॅम, जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड आणि ७५ हर्ट्झचा मॉनिटर. बोर्ड गेला. त्याला एका दुकानातून कोटेशन मिळालं ते ४५ हजारांचं: नवा प्रोसेसर, नवा बोर्ड, डीडीआर-५ रॅम. कारण काय, तर "एएम-४ आता आउटडेटेड आहे".

या आउटडेटेड सॉकेटचा इतिहास बघण्यासारखा आहे. रायझन प्रोसेसर या सॉकेटवर मार्च २०१७मध्ये आले. मे २०२०मध्ये खुद्द एएमडीनं सांगितलं की येणारी नवी पिढी जुन्या ४०० मालिकेच्या बोर्डांवर चालणार नाही, नवे बोर्ड घ्या. गिऱ्हाइकांनी एवढी ओरड केली की त्याच महिन्यात कंपनीला शब्द मागे घ्यावा लागला. पुढे २०२२मध्ये ३०० मालिकेच्या, म्हणजे अगदी पहिल्या बोर्डांनाही ५००० मालिकेचे प्रोसेसर खुले झाले. एप्रिल २०२२मध्ये आलेला ५८००एक्स३डी खेळांसाठी त्या काळच्या सर्वांत वेगवान प्रोसेसरांत मोडत होता, आणि तो २०१७च्या बोर्डावर नुसता बायोस बदलून चालत होता. एएम-५ सप्टेंबर २०२२मध्ये बाजारात आला, तरी जुलै २०२४मध्ये एएमडी या 'मेलेल्या' सॉकेटसाठी नवे प्रोसेसर काढतच होती. म्हणजे कंपनीनं एकदा मृत्यू जाहीर केला, गिऱ्हाइकांनी तो रद्द करवला, आणि आमच्या गल्लीतले तज्ज्ञ अजून तेराव्याच्या तयारीत!

त्या मुलाला काय हवं होतं? ए-५२० किंवा बी-५५० चिपसेटचा साधा एम-एटीएक्स बोर्ड. ए-५२०चा असेल तर पाच-सहा हजारांच्या आसपास, नवा, तीन वर्षांच्या वॉरंटीसह. प्रोसेसर तोच, रॅम तीच, कूलर तोच, कार्ड तेच. उद्या हात सैल झाला तर त्याच बोर्डावर ५०००च्या मालिकेतला प्रोसेसर बसेल. बायोस आधीच त्या पिढीसाठी तयार असतो.

आणि ४५ हजार घातले असते तर खेळात काय बदललं असतं? कार्ड तर तेच राहणार होतं! फुल एचडीवर जड खेळ खेळताना बहुतेक वेळा चित्रांचा वेग ग्राफिक्स कार्ड ठरवतं. व्हॅलरंटसारख्या हलक्या खेळात नव्या प्रोसेसरनं आकडा नक्की वाढला असता. पण ३६००वरही तो खेळ ७५च्या कितीतरी वर पळतो, आणि ७५ हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ७५पेक्षा जास्त चित्रं दाखवणार नाही. म्हणजे घरून ४५ हजार मागवायचे ते कोपऱ्यातला एक आकडा मोठा झालेला पाहण्यासाठी? हा सल्ला देणाऱ्याला गेमिंग कळतं असं आपण का मानायचं?

इंटेलवाल्यांची गोष्ट थोडी किचकट आहे हे खरं. इंटेल सॉकेट लवकर बदलते, आणि कधी कधी सॉकेट तोच ठेवून आतून बदलते. सहाव्या-सातव्या पिढीचा एच-११० आणि आठव्या-नवव्या पिढीचा एच-३१०, दोन्हींचा सॉकेट एलजीए ११५१. पण एकाचा प्रोसेसर दुसऱ्यावर चालत नाही. दहाव्या आणि अकराव्या पिढीचा सॉकेट १२००, पण अकरावीचा प्रोसेसर एच-४१०वर सहसा चालत नाही, एच-५१०वर चालतो. बारावी ते चौदावी १७००वर, आणि तिथे रॅमची मेख: काही बोर्ड डीडीआर-४चे, काही डीडीआर-५चे. दोन्ही पट्ट्यांना २८८च संपर्कबिंदू, पण खाच वेगळ्या जागी, त्यामुळे एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. आय-५ १२४००एफवाल्याचा बोर्ड गेला तर त्यानं एच-६१० किंवा बी-७६०चा डीडीआर-४वाला बोर्ड शोधायचा, बोर्डाच्या नावात बहुधा 'डी-४' असतं. हे सगळं समजायला अर्धा तास लागतो, दुकानदाराला तर पाच मिनिटंही नाहीत. पण किचकट असणं आणि मेलेलं असणं यांत काही फरक आहे की नाही? रेल्वेचं वेळापत्रक किचकट असतं म्हणून कोणी पुणे स्टेशनातून गाडी विकत घेऊन घरी जात नाही.

त्यात रॅमचा भाव. २०२५च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपा उचलायला सुरुवात केली आणि वर्ष संपता संपता रॅमच्या किमती दुपटीच्या वर गेल्या. डिसेंबरमध्ये तर मायक्रॉननं 'क्रुशियल' हा घरगुती ग्राहकांसाठीचा आपला ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा दिवसांत हातातली चालू १६ जीबी डीडीआर-४ रॅम बाजूला ठेवून नवी घ्या म्हणणाऱ्या माणसाला हितचिंतक म्हणायचं, तर मग विक्रेता कोणाला म्हणायचं?

इथेच मला एक प्रश्न नेहमी पडतो. जुना प्रोसेसर आणि रॅम निरुपयोगी असेल, तर दुकानात "एक्स्चेंजमध्ये दोन हजार कमी करतो" असं का म्हणतात? टाकाऊ वस्तूला दोन हजार कोण देतं? उत्तर सगळ्यांना माहीत आहे. त्या 'आउटडेटेड' प्रोसेसरला एक स्वस्त बोर्ड लावून तो पुढच्या आठवड्यात कुणाला तरी 'बजेट गेमिंग पीसी' म्हणून विकला जातो. म्हणजे जो सल्ला मी देतोय तोच दुकानदार अमलात आणतो, फक्त तुमच्या मालावर आणि स्वतःच्या फायद्यासाठी.

आता 'बोर्ड भारीतला घे' या उपदेशाकडे. मदरबोर्ड स्वतः खेळात एकही चित्र तयार करत नाही. तोच प्रोसेसर, तीच रॅम, तेच कार्ड सहा हजारांच्या आणि पंचवीस हजारांच्या बोर्डावर लावा. बोर्डाला प्रोसेसरची वीज झेपत असेल तर खेळातला फरक मोजायलाही जड जाईल. वरचे पैसे जातात ते जास्तीच्या एम.२ जागांना, पाठीमागच्या जादा यूएसबींना, वाय-फायला, ओव्हरक्लॉकिंगच्या सोयीला आणि अर्थातच रंगीत दिव्यांना. यातलं तुम्हाला काही हवं असेल तर जरूर घ्या. दिवे हवे असतील तर दिव्यांसाठी घ्या, आमच्याकडे गणपतीत लोक त्याहून जास्त माळा लावतात. पण त्याला वेग म्हणू नका.

एक गोष्ट मात्र खरोखर बघायची असते आणि ती खोक्यावर मोठ्या अक्षरात नसते: व्हीआरएम, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणारा बोर्डाचा भाग. ६५ वॉटच्या सहा कोरवाल्या प्रोसेसरला साधा बोर्ड पुरतो. पण बारा-सोळा कोरांचा तापट प्रोसेसर उघड्याबोडक्या व्हीआरएमवर ठेवलात, तर एप्रिल-मेमध्ये वरच्या मजल्यावरच्या स्लॅबखाली, पारा चाळिशीला टेकला असताना, तो मान टाकेल आणि वेग कमी करेल. म्हणून त्या भागावर उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा आहे का, एवढं बघा. बाकी महाग म्हणजे सुरक्षित, हे गृहीतक २०२३च्या वसंतातच जळालं. एएम-५च्या काही महागड्या बोर्डांवर ७०००एक्स३डी प्रोसेसर करपल्याच्या बातम्या आल्या. कारण निघालं बोर्डाकडून जाणारं जादा व्होल्टेज, आणि मग बायोस बदलून एसओसीचं व्होल्टेज १.३ व्होल्टवर बांधावं लागलं. तेव्हा दिव्यांनी कोणाचा प्रोसेसर वाचवला नाही.

"पण भविष्याचा विचार?" हा शेवटचा हुकमी एक्का. जानेवारी २०१७मध्ये आय-७ ७७००के आणि झेड-२७०चा भारी बोर्ड घेणाऱ्यांनीही भविष्याचाच विचार केला होता. ऑक्टोबरमध्ये आठवी पिढी आली आणि तिला नवा बोर्ड लागला. भविष्य नऊ महिन्यांत संपलं. त्याच वर्षी एएम-४चा स्वस्त बी-३५० घेणाऱ्याला पाच वर्षांनी ५८००एक्स३डी लावता आला. यात पहिल्याची दूरदृष्टी कमी पडली आणि दुसऱ्याची फळाला आली असं कोणाला म्हणायचं असेल तर म्हणो बापडे. कंपन्या पुढे काय करणार हे कंपन्यांनाही ठाऊक नसतं, हे मे २०२०नं दाखवून दिलं आहे. जे आज कोणाला सांगता येत नाही, त्याच्यासाठी आज वीस हजार जादा का द्यायचे?

वापरलेल्या बोर्डाबद्दलची भीती मला थोडी पटते, पण थोडीच. एलजीए बोर्डाच्या पिना सॉकेटमध्ये असतात. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून त्या बघा, एकही वाकलेली असेल तर उठून या. एएम-४च्या पिना प्रोसेसरला असतात. त्यामुळे बोर्ड घेताना तो धोका कमी, पण स्वतःचा जुना बोर्ड उतरवताना जास्त. वाळलेल्या थर्मल पेस्टमुळे प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. कूलर सरळ ओढू नका. जमलं तर आधी गरम होऊ द्या, मग हळूहळू दोन्हीकडे पिळत सोडवा. बिल आणि सीरियल नंबरचं स्टिकर नसलेला बोर्ड कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. आणि जुना बोर्ड का गेला ते शोधल्याशिवाय नवा बसवू नका. नाव नसलेला, खोटे वॉट छापलेला एसएमपीएस हा बोर्डांचा मोठा मारेकरी. भाड्याच्या खोलीतल्या तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंग आहे का, हेही इलेक्ट्रिशियनला पाचशे रुपये देऊन बघून घ्या. वाचलेल्या पैशांतले चार-पाच हजार चांगल्या एसएमपीएसवर घाला, ते अख्ख्या नव्या संचापेक्षा जास्त कामाला येतील.

बोर्ड बदलल्यावर "नवा बोर्ड स्लो आहे" अशी एक तक्रार हमखास येते, आणि ती ऐकून तोच जिन्यातला तज्ज्ञ म्हणतो, "बघ, मी सांगितलं होतं." बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी सुरू करा, ते बंद असेल तर ३२००ची रॅम २६६६ किंवा त्याहूनही खाली पळते. विंडोज ११वर व्हॅलरंट उघडत नसेल तर टीपीएम आणि सिक्युअर बूट सुरू करा. बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा. डेटा एसएसडीत असतो, बोर्डात नव्हे.

मी एकच सवलत देतो. पीसी चौथ्या पिढीच्या इंटेलचा, डीडीआर-३चा असेल तर सगळं बदलण्याला अर्थ आहे. विंडोज १०चं सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ला संपलं, आणि मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ११च्या यादीत इंटेलची बहुतांशी आठवी पिढी आणि रायझन २०००च्या पुढचेच प्रोसेसर आहेत. त्या पीसीला बोर्ड लावून जीव वाचेल, पण खेळ वाचणार नाही. पण कात्रजमध्ये ज्यांच्याकडे बघून "सगळंच बदल" म्हटलं जातं, त्यांतले बहुतेक पीसी ३६००, ५६००, १०४००एफ, १२४००एफ असलेले आहेत. त्यांना ही सवलत लागू नाही.

तेव्हा कोटेशन घ्यायला टिळक रोडला जा नाहीतर बुधवार पेठेत, एक कागद बरोबर न्या. प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅमचा प्रकार, कॅबिनेटमध्ये एटीएक्स बसतो की एम-एटीएक्स, एसएमपीएसला आठ पिनांची सीपीयू वायर आहे का, हे त्यावर लिहा. कोणी "सगळंच बदलावं लागेल" म्हणालं, की तोच कागद पुढे करा आणि सांगा: यातला कुठला भाग, कुठल्या बोर्डावर, कशामुळे चालणार नाही, ते इथे लिहून द्या. जो लिहून देणार नाही त्याच्याकडून बोर्ड तर सोडाच, एचडीएमआयची केबलही घेऊ नका.